कॅमेऱ्याचें कौतुक आणि निगेटिव्हची उपेक्षा

ग्रंथांची समीक्षा होते, नाटकांची होते, गायनाच्या बैठकीवरहि चार शब्द लिहिले जातात. परंतु माणसें ज्या छंदांत आपला फावला वेळ आणि बराचसा पैसा घालतात, त्या छंदांचें परीक्षण करावें असें फारसें कोणास वाटत नाहीं. छंद ज्याचा त्याचा, त्यांत टीकाकारानें नाक कां खुपसावें, असा सर्वसाधारण समज दिसतो. हा समज मला पटत नाहीं. ज्या छंदाभोंवतीं आवडीनिवडीचे नियम बनतात, स्तुतिनिंदेची स्वतंत्र परिभाषा तयार होते आणि अमुक एक गोष्ट सुंदर कां याविषयीं मतें मांडलीं जातात, तो छंद टीकेच्या प्रांतांत आलाच म्हणावयाचा. जुन्या कॅमेऱ्यांनीं फिल्मवर छायाचित्रें घेण्याचा छंद गेल्या दहा-पंधरा वर्षांत अशा स्थितीस पोंचला आहे. म्हणून हा लेख.

निमित्त घरचेंच आहे. गेल्या वर्षीं पावसाळा सरतां सरतां वाकोल्यांतील आमच्या इमारतींतला एक तरुण संध्याकाळीं माझ्याकडे आला. त्याच्या हातांत चोरबाजारांतून पैदा केलेला आग्फा क्लिक थ्री होता. माझ्या वडिलांजवळ हाच कॅमेरा होता, हें त्यानें माझ्या मुलाकडून ऐकलें होतें. "काका, यांत रोल कसा घालायचा तेवढें दाखवा," एवढीच त्याची मागणी. मीं कॅमेरा हातांत घेऊन हलविला आणि लहानपणींचा तो हलका, पोकळ खडखडाट पुन्हां ऐकूं आला. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कारखान्यांत तयार होणारें हें काळें प्लॅस्टिकचें खोकें एके काळीं आमच्यासारख्यांच्या घरांत मोठ्या मानाचें होतें. बारसें, मुंज, सहल, पाहुण्यांचें येणें-जाणें या प्रसंगींच तें कपाटांतून बाहेर निघे. साधें भिंग, मोजक्या सोयी आणि पाठीमागें एक लहानशी तांबडी खिडकी. १२० क्रमांकाच्या फिल्मच्या पाठीशीं असलेल्या कागदावरील आंकडा त्या खिडकींत येऊन थांबला, कीं चित्र घ्यावयाचें. एका रोलांत बारा चौरस चित्रें, बस्स. अशा साध्या कॅमेऱ्यांत रोल पुढें सरकविण्यास विसरलें तर एकाच जागीं दोन चित्रें उमटतात. आमच्या घरीं अशा एका चित्रांत माझी आत्या आणि महाबळेश्वरचा कडा एकमेकांत मिसळून गेले होते, आणि आम्हां मुलांना सर्वांत तेंच चित्र आवडे.

या छंदाचा आनंद खोटा आहे असें मला मुळींच म्हणावयाचें नाहीं. ज्या कोडॅक कंपनीनें २०१२ सालीं अमेरिकेंत दिवाळखोरीचा अर्ज केला, तिच्याच रोचेस्टर येथील कारखान्यांतून आजहि फिल्म बाहेर पडते, आणि मुंबईंत एका रोलास हजार रुपयांच्या आसपास मोजून ती घेणारे तरुण आहेत. (आपल्या देशांत उटी येथें १९६० सालीं स्थापन झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी 'इंदू' या नांवानें फिल्म काढीत असे, ती आतां बंद पडली आहे.) इतका पैसा खर्चून माणूस कांहींतरी मिळवीत असलाच पाहिजे. तें काय, हें मीं स्वतः अनुभवलें आहे. प्रकाश मोजण्याचें यंत्र नसलेला कॅमेरा हातीं घेतला कीं प्रकाश डोळ्यांनीं मोजावा लागतो. भर उन्हांत भिंगाचें छिद्र १६ या आंकड्यावर ठेवावें आणि फिल्मचा वेग १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग उजेड द्यावा, हा जुना ठोकताळा. ऊन पातळ झालें, ढग आले, सावली पडली, कीं त्या मानानें छिद्र वाढवीत जावयाचें. हा हिशेब महिनाभर केला म्हणजे रोजचाच रस्ता वेगळा दिसूं लागतो. वाकोल्याच्या पुलाखालची सावली दुपारीं चारला आणि साडेपांचाला एक नसते. सेंट अँथनीच्या चर्चची भिंत सकाळीं जितका उजेड परत फेंकते तितका संध्याकाळीं फेंकीत नाहीं. पावसाळ्यांत विमानतळावरून उठणाऱ्या विमानाच्या पोटाखालचा करडा रंग हा ढगांच्या करड्या रंगाहून दोन पायऱ्या गडद असतो. हें सर्व पूर्वींहि डोळ्यांपुढें होतें, पण तें पाहण्याची गरज पडली नव्हती.

येथपर्यंत ठीक. माझी तक्रार सुरू होते ती या छंदाच्या परिभाषेपासून. फिल्मवरील चित्रांत म्हणे एक 'ऊब' असते, त्यांतील रवाळ कण 'जिवंत' असतात, आणि कॅमेऱ्याच्या फटींतून आंत शिरलेल्या उजेडानें चित्रावर पडलेला तांबूस ओघळ हें 'अपूर्णतेचें सौंदर्य' होय. ही भाषा मीं इतक्यांदा ऐकली आहे कीं तिचा उगम कोठें असावा याचा मीं शोध घेऊं लागलों. तो जुन्या छायाचित्रकारांत सांपडत नाहीं, एवढें निश्चित. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें झालेली कुस्ती विलायतेहून मागविलेल्या यंत्रानें चित्रित केली. १९०१ सालीं रँग्लर परांजपे विलायतेहून परत आले तेव्हां त्यांच्या स्वागताचेंहि चित्रण त्यांनींच केलें. सावेदादा मूळचे छायाचित्रकार. आपल्या चित्रांत कण दिसावेत, उजेड गळावा, यासाठीं ते धडपडले असतील काय? दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनांत छायाचित्रण शिकले, गोध्ऱ्यास त्यांनीं स्टुडिओ थाटला. चित्रपट काढण्यापूर्वीं भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून त्यांनीं १९१२ सालीं कुंडींतल्या वाटाण्याचें रोप उगवतांना टिपलें. रोज थोडी थोडी फिल्म खर्चून, अनेक दिवसांची वाढ कांहीं क्षणांत दिसेल अशी ती 'अंकुराची वाढ' तयार झाली. त्या माणसाला फिल्म स्वच्छ हवी होती. रोपाची पानें स्पष्ट दिसावींत एवढीच त्याची इच्छा. जुन्या कारागिरांनीं जे दोष जन्मभर टाळले, त्यांनाच आम्ही आज गुण म्हणून गौरवितों. आणि वर असें समजतों कीं आपण जुन्या कलेचे वारस आहोंत.

फाळक्यांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. दादरच्या त्यांच्या घरीं 'राजा हरिश्चंद्र' तयार होत होता तेव्हां कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकें पाडणें, ती धुणें, हीं कामें सरस्वतीबाई फाळके करीत. दिवसां मंडळींचा स्वयंपाक आणि रात्रीं अंधाऱ्या खोलींत फिल्म. आमच्या इतिहासांत कॅमेऱ्याच्या दांड्यावर हात ठेवून उभे असलेले दादासाहेब सर्वांच्या परिचयाचे आहेत. रसायनांत हात बुडवून बसलेल्या काकी फारशा कोणाच्या डोळ्यांपुढें येत नाहींत. कॅमेऱ्याचें कौतुक आणि फिल्मची उपेक्षा ही खोड आजची नाहीं.

आतां त्या तरुणाकडे वळूं. मीं त्याला रोल घालून दिला. त्यानें बारा चित्रें घेतलीं, शहरांतील एका धुलाईघरांत रोल दिला, आणि आठवड्यानें मोठ्या आनंदानें दूरध्वनीच्या पडद्यावर मला तीं चित्रें दाखविलीं. तीं खरोखर चांगलीं होतीं. विशेषतः गांवठाणांतल्या एका जुन्या घराच्या ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याचें चित्र. मीं विचारलें, "निगेटिव्ह कुठें आहेत?" तो गोंधळला. "त्या तिथेंच आहेत काका. फोटो तर आले ना." मीं फार आग्रह धरला तेव्हां दोन महिन्यांनीं तो आणावयास गेला. ठराविक मुदतींत न नेलेल्या निगेटिव्ह टाकून दिल्या जातात, असें पावतीच्या मागें छापलें होतें, आणि त्याप्रमाणें त्या टाकल्या गेल्या होत्या. धुलाईघराला मी दोष देत नाहीं. नेण्यास कोणी येतच नाहीं, तर त्यांनीं त्या कोठें सांठवाव्यात? बहुसंख्य गिऱ्हाइकें अशींच असतात असें त्याला तेथें सांगण्यांत आलें.

हें ऐकल्यावर माझ्या मनांत जो प्रश्न उभा राहिला तो असा: मग या मुलानें केलें तें काय? बारा वेळां प्रकाशाचा अंदाज केला, रसायनांकडून चांदीवर चित्र उमटवून घेतलें, त्या चित्राची एक विद्युत् नक्कल दूरध्वनींत घेतली आणि मूळ वस्तु कचऱ्यांत घातली. फिल्म ही येथें केवळ चित्राला एक विशिष्ट रंगरूप देणारी चाळणी झाली. तसें रंगरूप देणारी युक्ति दूरध्वनींत फुकट मिळते. हजार रुपयांची गरज नव्हती.

निगेटिव्ह ही काय वस्तु आहे, याचा विचार फार थोडे करतात. जिलेटिनच्या पातळ थरांत चांदीच्या क्षारांचे कण पसरलेले असतात. ज्यांच्यावर उजेड पडला ते विकासक द्रवांत काळ्या चांदीचे होतात. उरलेले हायपोंत विरघळून जातात. सर जॉन हर्शेल यांनीं १८१९ सालीं ओळखलेला हायपोचा हा धर्म नसता तर छायाचित्र टिकलेंच नसतें. म्हणजे निगेटिव्हमध्यें जी चांदी शिल्लक राहते ती त्या क्षणीं, त्या जागेवरून, त्या माणसाच्या अंगावरून परतलेल्या प्रकाशानेंच काळी केलेली असते. वाल्टर बेंजामिन या जर्मन टीकाकारानें १९३५-३६ च्या सुमारास आपल्या प्रसिद्ध निबंधांत असें प्रतिपादन केलें कीं एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघत असल्यामुळें 'अस्सल' प्रत कोणती हा प्रश्नच निरर्थक आहे. हें मत आमच्या महाविद्यालयांतून गेलीं चाळीस वर्षें शिकविलें जात आहे, आणि मीहि तें शिकविलें आहे. प्रतींविषयीं तें खरें असेल. परंतु निगेटिव्ह एकच असते, तिचें काय? ती प्रत नव्हे. पोथीच्या शंभर नकला निघाल्या म्हणून मूळ पोथीचें मूळपण संपत नाहीं. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स हे तरुणपणीं पियानो शिकलेले. ते निगेटिव्हला संगीतकाराच्या लिखित रचनेची आणि कागदावरील चित्राला तिच्या वादनाची उपमा देत. आपल्याकडील शब्दांत सांगावयाचें तर निगेटिव्ह ही बंदिश आणि प्रिंट हें गायन. गायन दर वेळीं निराळें होतें, एखादा गवई तींत असें कांहीं काढून दाखवितो कीं तें बंदिशींत होतें हें कोणास ठाऊक नसतें. पण बंदिशच नष्ट झाली तर पुढच्यानें गावें काय?

हें मी तर्कानें सांगत नाहीं. माझ्या घरचाच एक प्रसंग आहे. वाचक क्षमा करोत.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मिठी नदी आणि तिला मिळणारा वाकोला नाला हे दोन्ही फुगले, आणि तळमजल्यावर राहणाऱ्या आम्हां मंडळींच्या घरांत छातीइतकें पाणी शिरलें. आमचे फोटोंचे अल्बम कपाटाच्या खालच्या कप्प्यांत होते. चार दिवसांनीं ते उघडले तेव्हां पानें एकमेकांस चिकटलीं होतीं, आणि हळूहळू सोडवूं गेलें तर चेहरे एका पानावरून सुटून दुसऱ्या पानावर जात. आईवडिलांचें लग्न, आम्हां भावंडांचें बालपण, सगळा चिखल. मात्र माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यांत वडिलांनीं त्यांच्या नेहमींच्या टापटिपीनें कागदी पाकिटांतून निगेटिव्ह ठेवल्या होत्या. पाकिटांवर पेन्सिलीनें तारखा होत्या. डबा उघडतांच शिरक्याचा वास आला. ॲसिटेटची फिल्म उष्णतेनें आणि दमटपणानें कुजूं लागली कीं असा वास येतो, हें मला पुढें समजलें. तरी बहुतेक निगेटिव्ह शाबूत होत्या.

त्या मीं फोर्टांतील एका जुन्या कारागिराकडे नेल्या. आमच्या घरीं पूर्वीं जीं चित्रें होतीं तीं निगेटिव्हच्याच आकाराचीं, सहा सेंटिमीटर चौरस होतीं. मोठें करून घेण्याइतका पैसा कोणाजवळ होता? या वेळीं तीं प्रथमच मोठीं करून घेतलीं. त्यांत १९७४ सालचें एक चित्र होतें: चाळीपुढच्या अंगणांत आम्ही पांच मुलें रांगेनें उभीं, आणि पाठीमागें आमच्या खोलीची खिडकी. लहान चित्रांत ही खिडकी म्हणजे नुसता काळा चौकोन होता. त्या कारागिरानें निगेटिव्ह उजेडावर धरली, चष्मा कपाळावर चढविला आणि म्हणाला, "इथें कुणीतरी आहे." मग कागदावर उजेड पाडतांना त्यानें त्या चौकोनावर तळहात आडवा धरून तेवढ्या भागास उजेड कमी दिला. धुतल्यावर खिडकींत माझी आजी दिसली. गजाला धरून उभी, डोक्यावरून पदर, आणि आमच्याकडे पाहून हंसत होती. फोटो काढल्यानें आयुष्य घटतें अशी तिची ठाम समजूत. तिनें जन्मांत कधीं कॅमेऱ्यापुढें येण्यास संमति दिली नाहीं. १९७६ सालीं ती वारली तेव्हां तिचा एकहि फोटो आमच्या घरांत नव्हता. वडील तेव्हां हयात होते. मीं चित्र त्यांच्यापुढें ठेवलें. त्यांनीं तें बराच वेळ पाहिलें आणि एवढेंच विचारलें, "मी बटन दाबलं तेव्हां ती तिथें होती?"

फ्रेंच टीकाकार रोलां बार्थ यांनीं १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रावरील आपल्या ग्रंथांत दिवंगत आईच्या लहानपणींच्या एका चित्राविषयीं पुष्कळ लिहिलें आणि तें चित्र मात्र छापलें नाहीं. तसाच संकोच मलाहि वाटतो, म्हणून याविषयीं अधिक लिहीत नाहीं. मला सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं एकतीस वर्षें ती त्या डब्यांत होती. वडिलांना ठाऊक नव्हतें, कॅमेऱ्यालाहि नव्हतें. वडिलांनीं त्या काळच्या रूढीप्रमाणें चित्र तेवढें चिकटवून निगेटिव्ह फेंकली असती तर ती दुसऱ्यांदा गेली असती.

त्याच पुरांत आमच्या बाजारांतील एका फोटो स्टुडिओचें दुकानहि बुडालें. त्या दुकानांत वाकोल्यांतील दोन पिढ्यांनीं लग्नाचे, पासपोर्टाचे, शाळेच्या दाखल्यांचे फोटो काढून घेतले होते. पाणी ओसरल्यावर निगेटिव्हचे गठ्ठेच्या गठ्ठे त्यांनीं रस्त्याच्या कडेला आणून टाकले होते. मी तेथून दोनदां गेलों आणि दोन्ही वेळां न थांबतां गेलों, कारण मला घरचा चिखल काढावयाचा होता. पुढें त्यांतले जे वांचले असतील तेहि इमारत पाडून नवी बांधतांना गेले, असें ऐकिवांत आहे. जुन्या फिल्ममधून चांदी काढणारे लोक असतात. त्यांना तरी त्यांतून दोन पैसे मिळाले असतील. वाकोला हें कोळी आणि ईस्ट इंडियन लोकांचें गांव होतें, मग तें चाळींचें उपनगर झालें, आतां उंच इमारतींचें होत आहे. या तिन्ही अवस्थांतून गेलेल्या माणसांचे चेहरे त्या गठ्ठ्यांत होते.

इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांवच्या वाड्यांतून जुनीं दप्तरें शोधीत फिरत, कारण तीं वाळवीच्या किंवा वाण्याच्या हातीं जात होतीं. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला तो या पायपिटींतून. छायाचित्रांच्या बाबतींत असा राजवाडे आम्हांस लाभला नाहीं, आणि मुंबईला त्याची अधिक गरज होती. येथें १८५४ सालींच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे आरंभींच्या हिंदी छायाचित्रकारांपैकीं एक. म्हणजे ही विद्या विलायतेंत बाळसें धरीत होती तेव्हांच आमच्या माणसांनीं ती उचलली. सावेदादांचें एकहि चित्रण आज उपलब्ध नाहीं. रँग्लरांच्या स्वागतास जमलेल्या गर्दींत कोण कोण होतें हें आतां पाहतां येणार नाहीं.

उलट उदाहरणेंहि आहेत, आणि तीं सांगितलीं नाहींत तर अन्याय होईल. बॅलार्ड इस्टेटमध्यें सर व्हिक्टर ससून यांनीं १९२८ सालीं सुरू केलेला हॅमिल्टन स्टुडिओ पुढें रणजित माधवजी यांच्याकडे आला, आणि त्यांच्या घराण्यानें तेथल्या जुन्या निगेटिव्ह जिवापाड जपल्या. दादरला १९४८ सालीं जे. एच. ठक्कर यांनीं काढलेल्या इंडिया फोटो स्टुडिओंत हिंदी चित्रपटांतील नामवंत नटनटींचीं जीं चित्रें घेतलीं गेलीं, त्यांच्या निगेटिव्हहि कुटुंबानें राखल्या. होमाई व्यारावाला यांनीं उतारवयांत आपला संग्रह दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानाकडे सोंपविला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील हिंदुस्थान आज आपण पाहूं शकतों तो या निगेटिव्हमुळें. त्या कोणत्या कॅमेऱ्यांतून निघाल्या हा प्रश्न गौण आहे.

गौण प्रश्नालाच मुख्य मानणें हें या छंदाचें दुखणें आहे. मुंबईचे दिलीश पारेख यांच्या संग्रहांत चार हजारांहून अधिक कॅमेरे असल्याची नोंद गिनेसच्या विक्रमांत झाली. या चिकाटीचें मला कौतुकच वाटतें. परंतु तिच्या बातमीनें जितके लोक हरखले त्यांच्या दशांश लोकांना तरी कुलवंत रॉय हें नांव माहीत आहे काय? गांधी, नेहरू, पटेल यांच्या काळाचे हे छायाचित्रकार १९८४ सालीं वारले आणि त्यांच्या निगेटिव्हचीं खोकीं आदित्य आर्य यांच्याकडे आलीं. ती वर्षानुवर्षें तशींच पडून होतीं. मग आर्यांनीं तीं उघडलीं, एकेक चौकट ओळखून लावली आणि त्यांतून २०१० सालीं ग्रंथ सिद्ध झाला. याच आर्यांनीं २०१९ सालीं गुरुग्राम येथें कॅमेऱ्यांचें मोठें संग्रहालय उघडलें. ज्यानें खोकीं उघडलीं त्यानें कॅमेरे मांडले तर तें शोभतें.

कोणी म्हणतील कीं निगेटिव्हची विद्युत् नक्कल घेतली म्हणजे झालें, ती दहा ठिकाणीं ठेवतां येते, फिल्म मात्र पुरांत जाते. यांत तथ्य आहे, आणि मीहि वडिलांच्या डब्याची नक्कल करून ठेवली आहे. शिरक्याचा वास थांबविणें माझ्या हातीं नाहीं. पण नक्कल करणारा जेवढें पाहतो तेवढेंच नकलेंत येतें. धुलाईघरांत दिवसाला पन्नास रोल हाताळणाऱ्या माणसानें ती खिडकी काळीच ठेवली असती, आणि त्यांत त्याचा दोष नसता. कोणी दुसरा आक्षेप घेतील कीं सामान्य माणसाच्या बारा चित्रांत जपण्याजोगें असें काय असतें? फडके-खांडेकरांच्या काळांत कला कलेसाठीं कीं जीवनासाठीं, या वादानें आमचीं मासिकें भरून गेलीं होतीं. छायाचित्र त्या वादाला दाद देत नाहीं. वडिलांच्या त्या चित्रांत कला म्हणून कांहीं नव्हतें. क्षितिज वांकडें, दोन मुलांचे पाय कापलेले.

म्हणून त्या तरुणाला मीं एकच अट घातली: दुसरा रोल माझ्याकडे आणावयाचा आणि स्वतः धुवावयाचा. काळा-पांढरा रोल घरच्या न्हाणीघरांत धुतां येतो, त्यासाठीं प्रयोगशाळा लागत नाहीं. खिडकीच्या फटी काळ्या कापडानें बुजविल्या, दिवा मालविला, आणि त्या मिट्ट काळोखांत त्यानें फिल्म चक्रावर चढविण्याचा प्रयत्न सुरू केला. पहिली दहा मिनिटें तो हंसत होता, पुढचीं दहा मिनिटें त्याला घाम फुटला होता. फिल्म खांचेंत बसली कीं बोटांना कळतें. डोळ्यांचा तेथें उपयोग नाहीं. विकासक साधारणतः २० अंश उष्णतेवर वापरावा असें डब्यावर छापलेलें असतें, आणि आमच्या नळाचें पाणी एप्रिल-मेंत तीस अंशांच्या आसपास असतें. गरम द्रवांत जिलेटिन फुगतें, मऊ पडतें, बोट लागलें तरी सोलवटतें. म्हणून पातेल्यांत बर्फ घालून त्यांत बाटल्या उभ्या करावयाच्या, तापमापक हातांत धरून बसावयाचें, आणि वर पत्नीचें, "पातेलं घासून द्या हं," हें ऐकून घ्यावयाचें. विकासक, पाणी, हायपो, पुन्हां पाणी. हायपो नीट धुतला गेला नाहीं तर चित्र कांहीं वर्षांनीं पिवळें पडतें, म्हणून शेवटचें पाणी कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतरहि थोडा वेळ.

झांकण उघडून त्यानें ओली फिल्म वर उचलली तेव्हां तो कांहीं बोलला नाहीं. पडद्यावर चित्र येणें निराळें आणि स्वतःच्या हातांतून थेंब गळत असलेली पट्टी बाहेर येणें निराळें. कपडे वाळत घालण्याच्या दोरीला तिला चिमटा लावला, खालच्या टोकाला वजन म्हणून दुसरा चिमटा. बारापैकीं तीन चौकटी कोऱ्या होत्या. एकींत वाकोल्याचा नाला, एकींत जिन्यांतलें मांजर. नवव्या चौकटींत स्वयंपाकघराच्या दारांत त्याची आई उभी होती. 'नको' म्हणून तिनें हात पुढें केला होता, त्यामुळें निम्मा चेहरा झांकला गेला होता.

"ही फुकट गेली ना, काका?" त्यानें विचारलें.

फिल्म वाळल्यावर मीं ती चार-चारांच्या तुकड्यांत कापली आणि कागदी पाकीट व पेन्सिल त्याच्यापुढें सरकविली. काय लिहावयाचें याचा त्यानें थोडा विचार केला. मग तारीख घातली, आणि खालीं लिहिलें: आई, स्वयंपाकघर, वाकोला.